क्रेनला झोळीत बसवलं त्याची गोष्ट

आमच्या हॉस्पिटलात मला ‘क्रेन’ म्हणायचे. सांगलीतलं साठ खाटांचं हॉस्पिटल, मेल वॉर्डात मी ब्रदर. पेशंटला बेडवरून स्ट्रेचरवर घ्यायचं असलं, एक्स-रेच्या टेबलावर ठेवायचं असलं की हाक यायची, “क्रेनला बोलवा.” मी जायचो, मागून पेशंटच्या दोन्ही काखांत हात घालायचो, वॉर्डबॉय पाय धरायचा, “एक, दोन, हप्!” आणि काम फत्ते. नव्वद किलोचा माणूसही असा हलवलाय. नातेवाईक कौतुकानं बघायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एकोणतिसाव्या वर्षी कंबरेला पट्टा लागला, तेव्हा तो मी शर्टाच्या आतून बांधायचो. क्रेनला पट्टा लागलेला कुणाला दिसायला नको.

जानेवारी २०२३ मध्ये लेस्टरला आलो. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीत, ब्रिटननं केअर वर्करसाठी व्हिसाचं दार उघडलं होतं. (जुलै २०२५ मध्ये ते बाहेरून येणाऱ्यांसाठी बंदही केलं. आम्ही मधल्या फटीतून आत आलेली माणसं.) नोकरी वृद्धांच्या केअर होममध्ये. हुद्दा ब्रदरचा नाही, साधा केअर असिस्टंट. म्हटलं, उचलाउचलीचंच काम आहे, आपल्याला काय अवघड?

ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला ट्रेनर बाईंनी विचारलं, “हा माणूस खुर्चीत घसरलाय. वर कसा घ्याल?” मी उत्साहानं उठलो आणि खुर्चीतल्या माझ्या सहकाऱ्याच्या काखांत हात घातले. बाई मोठ्यानं म्हणाल्या, “थांब!” मी हात काढले. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की या पद्धतीला इथे ‘ड्रॅग लिफ्ट’ म्हणतात आणि ती करताना कुणी दिसलं तर तक्रार होते. म्हातारपणी खांद्याभोवतीचे स्नायू सैल झालेले असतात, अर्धांगवायूचा माणूस असेल तर स्नायूंचा आधारच गेलेला असतो, खांदा नुसता अस्थिबंधांच्या, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, भरवशावर लटकलेला असतो. काखेतून जोर लावला की तो जागेवरून सरकू शकतो. कातडी पातळ कागदासारखी, ती सोलपटते. आणि उचलणाऱ्याच्या कंबरेचं काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी फळ्यावर एक आकडा लिहिला: २५. इथल्या सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात पुरुषानं, वस्तू अंगाजवळ धरून, कंबरेच्या उंचीवर उचलायची तर साधारण २५ किलोच्या पुढे विचार करायला लागा, असं आहे. बाईसाठी १६. तेही धरायला सोयीच्या खोक्याचं. माणसाला कडा नसतात, तो मधेच हात सोडतो, घाबरून तुमच्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी पकडतो. १९९२ पासून इथे नियमच आहे की धोक्याची उचलाउचल टाळता येत असेल तर आधी टाळायची. मला ते ऐकताना रागच आला. इतकी वर्षं मी जे कमावलं होतं ते या बाई टाळायच्या यादीत टाकत होत्या.

मग त्यांनी होइस्ट पुढे ओढला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: चाकांवर उभा एक खांब, त्याला पुढे आलेला आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला कपड्याच्या हँगरसारखा बार. खाली दोन लांब पाय, ते फाकवता येतात, जवळ घेता येतात. खांबावर बॅटरी, वायरला लोंबकळणारा रिमोट आणि एक लाल बटण. बारच्या आकड्यांना कापडी झोळी अडकवायची, तिला स्लिंग म्हणतात. आमच्याकडे डोंगरातल्या वाड्यांवरून आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून खाली आणतात, तीच कल्पना. फक्त इथे खांदेकऱ्यांच्या जागी मोटर.

“कोण बसतं?” बाईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला बेडवर झोपवलं, एका कुशीवर वळवलं, पाठीमागे अर्धी गुंडाळलेली स्लिंग सरकवली, दुसऱ्या कुशीवर वळवून ती ओढून सपाट केली. खालची कड माकडहाडाशी, वरची डोक्यापर्यंत. पायांचे दोन पट्टे मांड्यांखालून घेऊन एकातून दुसरा ओवला. ते असं ओवतात कारण त्यामुळे गुडघे जवळ राहतात, माणूस मधल्या फटीतून खाली सरकत नाही आणि आजीबाई झगा घालून असल्या तरी फाकलेल्या पायांनी लटकत नाहीत. प्रत्येक कोपऱ्याला वेगवेगळ्या लांबीचे रंगीत लूप. खांद्याला आखूड आणि पायाला लांब लूप घेतला तर माणूस बसल्यासारखा वर येतो, उलटं केलं तर आडवा. डावी-उजवीकडे रंग एकच हवा. एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला पिवळा झाला की माणूस कलंडलाच.

बटण दाबलं. आधी काहीच नाही, नुसते पट्टे ताठ झाले. मग पाठीखालचा बेड नाहीसा झाला. ही गोष्ट सांगून कळणार नाही. पाय खाली शोधत राहतात, आणि खाली काही नसतं. गुडघे छातीकडे येतात, पोट दाबलं जातं, आपण थोडे गोल फिरतो आणि फिरणं आपल्याला थांबवता येत नाही. मी झटकन वरचा बार पकडला. बाई म्हणाल्या, “सगळे तोच पकडतात. म्हणून हात छातीवर घ्यायला आधी सांगायचं, वर गेल्यावर नाही.” मी वर लटकलेला असतानाच मागे दोघंजण जेवणाच्या सुट्टीचं बोलत होते. सत्तर किलोचा मी, होइस्टवर लिहिलेलं १७५ किलो मी स्वतः वाचलेलं, तरी बेडवर टेकेपर्यंत माझ्या तळहातांना घाम होता.

उतरल्यावर मला वाटलं आता तरी हुशारी दाखवू. पुढच्या मुलीला उचलायच्या आधी मी होइस्टच्या चाकांचे ब्रेक लावायला वाकलो. पुन्हा “थांब!” बेडचा ब्रेक लावायचा, पण उचलताना होइस्टची चाकं मोकळी ठेवायची, उत्पादकानं काही वेगळं सांगितलं नसेल तर. वजन वर येताना यंत्र आपोआप थोडं सरकून त्या वजनाच्या खाली जाऊन बसतं. चाकं बांधलेली असली तर यंत्र सरकत नाही, मग माणूस झोका घेतो नाही तर यंत्र कलतं. हे मला पटायला दोन आठवडे लागले. ब्रेक लावला की सुरक्षित, हे डोक्यात एवढं पक्कं बसलेलं असतं.

कामावर रुजू झालो तेव्हा खरी अडचण यंत्राची नाहीच हे कळलं. यंत्राला सहा महिन्यांनी माणूस येऊन तपासतो. १९९८ च्या नियमावलीनं, तिला इथे सगळे ‘लोलर’ म्हणतात, माणसं उचलणाऱ्या यंत्रांना ते बंधनकारक आहे, आणि स्लिंगलाही. तपासलं की तारखेचा स्टिकर लागतो. अडचण असते सकाळी साडेसातची. नाश्ता साडेआठला, आमच्या मजल्यावर होइस्टवाले नऊ जण, होइस्ट दोन, माणसं चार, आणि त्यातला एक आजारी असल्याचा फोन आलेला. आमच्या केअर प्लॅनमध्ये प्रत्येक होइस्टसाठी दोन माणसं लिहिलेली. एक रिमोट धरतो, दुसरा त्या माणसाला धरतो. दुसरा माणूस यायला आठ मिनिटं लागतात आणि आजी ओल्या अंथरुणात पडलेल्या. अशा वेळी सांगलीतला क्रेन आतून ढोसायला लागतो, “अठ्ठावन्न किलोच्या तर आहेत.”

मी कधी एकट्यानं होइस्ट चालवला का? एकदा. काही झालं नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहायची मला लाज वाटते.

माझी जोडीदारीण झिंबाब्वेच्या एक बाई, पन्नाशीच्या, या कामात अठरा वर्षं काढलेल्या. त्यांची एक सवय होती. माणूस बेडपासून वीतभर वर आला की त्या बोट वर करायच्या. मी बटण सोडायचं. मग त्या चारही लूप एकेक करून बघायच्या, नुसतं बघायच्या नाहीत, बोटानं दाबायच्या. मग चेहरा बघायच्या. मग मान हलवायच्या. हे सगळं आठ-दहा सेकंदांत. पण सकाळच्या गर्दीत आठ सेकंद म्हणजे काय हे ज्यानं शिफ्ट केली आहे त्यालाच माहीत. पहिले काही दिवस मला त्यांचं ते बोट बघून वैताग यायचा.

आमच्याकडच्या एक आजी आयुष्यभर लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर बसलेल्या. इथे सगळ्यांना नावानं हाक मारतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला नुसत्या नावानं बोलवायचं माझ्या जिभेला काही जमेना, म्हणून मी ते जरा पुटपुटल्यासारखं म्हणायचो. त्यांना कळलं की मी कापड विणणाऱ्या गावचा, वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, तेव्हापासून आमचं जमलं. मी पुरुष, त्यामुळे त्यांची अंघोळ वगैरे बायकाच करायच्या. होइस्टला मात्र त्या मला चालवून घ्यायच्या. स्लिंग अंगाखाली घ्यायच्या आधी त्या ती हातात मागायच्या. दृष्टी अंधूक झालेली, पण बोटं शिवणीवरून फिरायची. कडेवरून, लूपच्या मुळाशी, मांडीच्या पट्ट्यावर. आम्हीही रोज तेच बघायला हवं: टाका उसवलाय का, कापड विरलंय का, लेबल वाचता येतं का. लेबलवरचं माप आणि वजन पुसलं असेल तर ती स्लिंग बादच. एक दिवस त्यांचं बोट थांबलं. “ही शिवण चाललीय,” म्हणाल्या. मी बघितलं. कडेच्या गोटाचा टाका सुटला होता, वजन घेणाऱ्या पट्ट्याचा नव्हता. मला वाटलं, चालेल. जोडीदारीण म्हणाल्या, “तू शिंपी आहेस का?” स्लिंग बाजूला ठेवली, दुसरी धोबीखान्यातून आणायला वीस मिनिटं गेली, आजींचा नाश्ता गार झाला. आजी खूश होत्या. त्यांच्या हातून माल परत पाठवला गेला होता, बहुधा तीसेक वर्षांनी.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक त्यातच जास्त फसतात. स्टँडिंग होइस्ट. त्यात माणूस अर्धा स्वतःच्या पायावर उभा राहतो: पाय फळीवर, नडगी टेकलेली, पाठीमागून पट्टा, हातांनी दांडी धरायची. चटकन होतं, माणसाचे पायही वापरात राहतात. पण त्याला पायावर भार घेता यायला हवा आणि सांगितलेलं समजायला हवं. एक आजोबा होते, स्मृतिभ्रंशाचे. सकाळी ते दांडी धरून ऐटीत उभे राहायचे. संध्याकाळी सहानंतर तेच आजोबा दांडी सोडून माझ्या बटणाशी खेळायचे आणि गुडघ्यात बसायचे. गुडघे गेले की सगळं वजन पट्ट्यावर, आणि पट्टा सरकतो काखेत. म्हणजे पुन्हा ड्रॅग लिफ्टच, फक्त मोटरनं केलेली. मला माझाच पुतळा यंत्रात दिसला. केअर प्लॅनमध्ये तर स्टँडिंग लिहिलेलं. आम्ही त्या संध्याकाळी त्यांना खाली बसवलं, मोठा होइस्ट आणला आणि सीनियरला सांगितलं. जास्त मदतीकडे जायला आम्हाला मुभा असते. कमी मदतीकडे मात्र पुन्हा तपासणी झाल्याशिवाय नाही. आठवड्यानं प्लॅन बदलून आला: दुपारी चारपर्यंत हा, नंतर तो.

आता माझ्या हातून झालं ते. २०२४ चा फेब्रुवारी, बाहेर अंधारच होता. त्याच होजिअरीवाल्या आजी. मी डाव्या पायाचा लूप अडकवत होतो आणि शेजारच्या खोलीची घंटा वाजत होती. ती तीन-चार मिनिटं वाजत होती आणि कुणी जात नव्हतं, म्हणून माझं डोकं दाराकडे. हाताला लागलं की लूप आकड्यात गेला. रिमोट घेतला, बटण दाबलं. आजी वीतभर वर आल्या. जोडीदारणीचं बोट वर झालं. उजवा खांदा, डावा खांदा, उजवा पाय. मग त्या काहीच न बोलता माझ्याकडे बघत राहिल्या. डाव्या पायाचा लूप आकड्याच्या आत गेलाच नव्हता. आकड्याला जी छोटी जीभ असते, लूप निसटू नये म्हणून, तिच्या टोकावर तो बसला होता. ताणामुळे तिथेच अडकून राहिला होता, एवढंच. आजींना मी हळू खाली घेतलं. गादीला टेकताच तो लूप आपोआप सुटून पडला.

आजींना कळलंही नाही. त्या म्हणाल्या, “काय, विसरलात का काही?”

मला वाटलं झालं, निभावलं, पुढे चला. जोडीदारीण म्हणाल्या, “लिहायचं.” मी गयावया केली. माझा व्हिसा या नोकरीवर, स्पॉन्सर हेच होम, रेकॉर्डला माझं नाव चढलं तर? त्या म्हणाल्या, “मीही अशीच घाबरत होते. तू लिही, नाहीतर मी लिहिते.” लिहिलं. काय घडलं, कुठल्या हाताला काय होतं, घंटा किती वेळ वाजत होती, सगळं. पोटात आठवडाभर गोळा. मॅनेजरनं बोलावलं, ओरडले नाहीत, माझं ट्रेनिंग पुन्हा करून घेतलं. आणि प्रत्येक होइस्टवर एक लॅमिनेट केलेला कागद लटकवला: ‘थांबा, तपासा, मग उचला.’ घंटेबद्दल मात्र काही झालं नाही. सकाळच्या पाळीला आणखी एक माणूस मिळाला असता तर तो लूप नीट बसला असता, असं माझं मत आहे आणि ते मी त्या फॉर्मवरही लिहिलं होतं. कागद स्वस्त पडतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गावी आण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. मी पोचलो तेव्हा ते घरी आले होते, आणि डावा खांदा दुखतो म्हणून रात्रभर कण्हत होते. फिजिओ येऊन म्हणाला, खांदा खाली ओढला गेलाय. दुपारी दादानं त्यांना खुर्चीत घ्यायला मागून काखांत हात घातले आणि “एक, दोन, हप्” म्हटलं. आमची आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्याला हे मीच शिकवलं होतं, अगदी त्याच शब्दांत.

कोल्हापुरात सर्जिकल सामानाच्या दुकानात हातानं पंप मारायचा हायड्रॉलिक पेशंट लिफ्टर मिळाला. दादा म्हणाला, एवढ्या पैशात काही महिने माणूस ठेवता येईल. खरंच होतं ते. तरी घेतला. घरी आणला आणि पहिल्याच दिवशी अडला: आमचा बेड पेटीचा, खाली जागाच नाही, लिफ्टरचे पाय शिरणार कुठे? पेटीचा बेड माडीवर गेला, हॉस्पिटलचा लोखंडी बेड भाड्यानं आला. स्लिंग दोन मापांच्या मागवून एक परत केली, कारण मोठ्या मापात आण्णा मधून खाली घसरतील असं दिसत होतं. मग तीन दिवस दादा, वहिनी आणि मी तालीम केली. दादाला आधी लटकवलं. त्यानंही बार पकडला.

आण्णांची पाळी आली तेव्हा ते स्लिंगमध्ये वीतभर वर आले आणि माझं बोट वर गेलं. दादानं पंप थांबवला. आण्णा वरून म्हणाले, “का थांबलास रं? मागावर सुताचा बीम चढवताना आम्ही असंच थांबत हुतो. आधी बघायचं, मग चढवायचं.” मी चारही लूप दाबून बघितले. ते खुर्चीत टेकले तेव्हा आई देवाला हात जोडून उभी होती.

राहिला प्रश्न मोरीचा. माणूस लटकलेला असताना लिफ्टर कधी लांब ढकलायचा नाही, आणि उंबऱ्यावरून तर नाहीच. एक चाक अडलं की सगळं पुढे झुकतं. म्हणून बेडवरून चाकाच्या खुर्चीत, आणि खुर्ची उंबरा ओलांडून मोरीत. पण खुर्चीलाही उंबरा दणका देत होता, आणि प्रत्येक दणका आण्णांच्या खांद्यात. दादा म्हणाला, गवंडी बोलावून उंबरा काढून टाकू. आईनं बोलणंच बंद केलं. रोज सकाळी ती त्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावते, लग्न होऊन आली तेव्हापासून. शेवटी सुताराकडून दोन्हीकडे उतरत्या फळ्या करून घेतल्या, मधे उंबरा तसाच. परवा व्हिडिओ कॉलवर वहिनीनं कॅमेरा फिरवून दाखवलं: हळदीकुंकू आता फळीवर असतं.